चुंबक नसलेलं चुंबक

खिशातलं होकायंत्र एकदा चाचपून बघा. पितळेची डबी, वर काच, आत निळ्या टोकाची सुई. या प्रवासात तेवढंच सामान न्यायचं आहे. मोबाइल घरीच ठेवा. १९७० साली त्याला रेंज मिळणार नाही हे तर झालंच, पण त्याच्या स्पीकरमधलं चुंबक सुईला भलतीकडे ओढेल आणि मला जे दाखवायचं आहे ते तुम्हाला दिसायचं नाही.

उतरा. हे बडोदं स्टेशन. सयाजीगंजच्या बाजूनं बाहेर पडलात की टांगेवाले गुजरातीत हाका मारतील, आणि तुम्ही मराठीत भाव विचारलात तर एखादा तरी मराठीतच घासाघीस करेल. दचकू नका, गायकवाडांचं गाव आहे. टांगा कशाला, चालतच चला. चार पावलांवर झाडांच्या डोक्यावरून घुमट दिसू लागतो. १८८१ साली सुरू झालेलं हे बडोदा कॉलेज, रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाच्या हातचं. अरविंद घोष इथे शिकवायचे. १९४९ पासून हे सगळं महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं झालं आणि हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. घुमटाखाली कला शाखा आहे. आपल्याला जायचंय ते विज्ञान शाखेत, भौतिकशास्त्राच्या वर्गात.

मागच्या बाकावर बसा. कोणी विचारणार नाही.

हा वर्ग ऐरागैरा नाही. इथे नुकताच बी.एस्सी.चा अभ्यासक्रम बदललाय. जुनी रट्ट्याची पुस्तकं बाजूला ठेवून अमेरिकेतला बर्कलीचा अभ्यासक्रम आणि जोडीला फाइनमनची व्याख्यानं लावली आहेत. या सुमारास पटावर वेंकटरामन रामकृष्णन असं एक नाव आहे. तो १९७१ साली पदवी घेईल, अमेरिकेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. करेल, मग भौतिकशास्त्र सोडून जीवशास्त्राकडे वळेल आणि २००९ साली रसायनशास्त्राचं नोबेल घेईल. तीन शास्त्रांत एवढी उडी मारायची तर पाया कुठेतरी पक्का झालेला असणार.

तुमच्यासमोर फाइनमनचा तिसरा खंड आहे. पाचवं प्रकरण उघडा : 'स्पिन एक'. सहावं : 'स्पिन अर्धा'. पदवीच्या पोरांना थेट स्पिन वाढणारं पुस्तक! स्पिनला मराठीत परिवलन म्हणतात, म्हणजे स्वतःभोवती फिरणं. पण इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर फिरतो असं धरलं तर त्याच्या पृष्ठभागाला प्रकाशाहून जास्त वेगानं पळावं लागतं, ही अडचण १९२५ सालीच, कल्पना मांडली गेली त्याच वर्षी, लक्षात आली होती. तेव्हा स्पिन हा फिरण्याचा गुण आहे, पण फिरणारं काही नाही. याच बडोद्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, आठ भाषांतला कारभाराचा कोश. त्यात तहसील-तगाईची सोय होती, स्पिनची असण्याचं कारण नव्हतं. मी स्पिन असंच म्हणणार आहे, तुम्हीही म्हणा.

आता होकायंत्र बाकावर ठेवा. सुई उत्तरेकडे गेली. ती का गेली, तर सुईतल्या लोखंडात असंख्य इलेक्ट्रॉन आपापला स्पिन एका दिशेला करून बसलेत, आणि स्पिन असलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलंसं चुंबक. दोन इलेक्ट्रॉन जवळ आणा. त्यांच्यातलं चुंबकी ओढणं-ढकलणं त्यांचे स्पिन कसे उभे आहेत यावर ठरतं. अंतर दुप्पट केलं की हे बल सोळाव्या हिश्श्यावर येतं. स्पिनवर अवलंबून असलेलं हे बल आपल्या ओळखीचं आहे, पोरं वहीत अडकवतात त्या चुंबकापर्यंत. त्याची ने-आण करणारा कणही ओळखीचा आहे : फोटॉन, प्रकाशाचा कण.

आपण ज्याच्यासाठी निघालोय तो प्रश्न असा : दोन स्पिनांमध्ये निरोप नेणारा फोटॉन एकटाच आहे, की आणखी कोणी आहे?

उत्तरासाठी गच्चीवर चला. उत्तरायण आहे असं समजा. १४ जानेवारीला बडोद्यात जमिनीवर माणूस सापडत नाही. तुमच्या हातात पतंग, मागे कोणीतरी फिरकी धरून उभं. पतंग किती लांबचा कापता येईल, तर फिरकीत मांजा असेल तेवढा. बलांचंही तसंच आहे. बल वाहून नेणाऱ्या कणांना आपल्याकडच्या सत्येंद्रनाथ बोसांच्या नावावरून बोसॉन म्हणतात. बोसॉन जितका जड, तितका त्याचा मांजा आखूड. फोटॉनला वस्तुमानच नाही, म्हणून त्याचा मांजा संपत नाही. सूर्याचा प्रकाश आणि चुंबकत्व दोन्ही इथवर पोचतात. उलट इलेक्ट्रॉनच्या २७०पट जड असलेल्या बोसॉनचा मांजा अणुकेंद्रकाच्या बाहेरही जात नाही. एक मीटर मांजा हवा असेल तर बोसॉन इलेक्ट्रॉनच्या अडीच लाख कोटींपट हलका असावा लागतो. वस्तुमान असलेला इतका हलका बोसॉन कोणी पाहिलेला नाही. म्हणूनच त्याला गृहीत बोसॉन म्हणायचं.

गृहीत म्हणजे थाप, असं मात्र समजू नका. त्यासाठी ३१ वर्षं मागे जाऊ.

१९३९. केंब्रिज. थंडी आहे, मफलर नीट गुंडाळा. मुंबईचा एक तिशीच्या आतला पारशी तरुण 'नेचर'ला पत्र लिहितोय : होमी भाभा. चार वर्षांपूर्वी जपानमध्ये हिदेकी युकावांनी सांगितलं होतं की अणुकेंद्रक बांधून ठेवणारं बल एक नवा, मधल्या वजनाचा कण वाहून नेतो. अशा कणाला लोक 'मेसोट्रॉन' म्हणू लागलेत. भाभांचं म्हणणं, मूळ ग्रीक शब्द 'मेसोस', त्यात 'ट्र' कुठून आला? 'मेसॉन' म्हणा. शब्दावरून असा वाद घालणारा माणूस मला तरी फार जवळचा वाटतो. जगानं त्यांचं ऐकलं. त्याच वर्षी भाभा सुट्टीसाठी भारतात आले, महायुद्ध पेटलं, आणि ते इथेच राहिले. पुढची टाटा इन्स्टिट्यूटची आणि अणुऊर्जेची कहाणी तुम्हाला माहीत आहे.

त्याच १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इसिडोर राबींच्या गटाला दिसलं की ड्यूटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी, गोल नाही. लिंबासारखी किंचित लांबट आहे. याचा अर्थ त्या दोघांमधलं बल नुसत्या अंतरावर ठरत नाही, त्यांचे स्पिन एकमेकांशी आणि मधल्या रेषेशी कसे उभे आहेत यावरही ठरतं. एवढंच काय, दोघांचे स्पिन एका दिशेला असले तरच हा संसार टिकतो. उलटसुलट झाले की जोडी बांधलीच जात नाही. युकावांचा कण, ज्याला आपण आज पायॉन म्हणतो, १९४७ साली ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत फोटोच्या काचपट्टीवर उमटला. स्पिन ओळखून ओढाताण करणारं बल आणि ते वाहणारा, आधी गृहीत धरलेला बोसॉन : हे सगळं निसर्गात एकदा घडून गेलंय. फक्त मांजा फार आखूड होता.

आता पुढे उडी. १९८४, कॅलिफोर्निया, सांता बार्बरा. समुद्र समोर आहे, पण बघायला वेळ नाही. जॉन मूडी आणि फ्रँक विल्चेक यांचा एक लेख निघतोय. शीर्षकात त्यांनी नवी स्थूल बलं असतील का असं विचारलंय आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठेवलंय. शास्त्रज्ञांनी शीर्षकाला प्रश्नचिन्ह लावलं की समजावं, त्यांना स्वतःलाही झोप लागलेली नाही.

विल्चेकना हा विषय नवा नव्हता. न्यूट्रॉनच्या आत विद्युतभाराचा एक कल दिसायला हवा, तो दिसत नाही. समीकरणांवरचा हा डाग काढायला रोबेर्तो पेच्चेई आणि हेलन क्विन यांनी १९७७ साली एक उपाय सुचवला. त्या उपायातून आपोआप एक अतिशय हलका बोसॉन बाहेर पडतो हे स्टीव्हन वाइनबर्ग आणि विल्चेक यांच्या लक्षात आलं. विल्चेकनी त्याला 'अ‍ॅक्सिऑन' नाव दिलं. हे एका अमेरिकन कपडे धुण्याच्या पावडरीचं नाव! डाग काढतो, म्हणून. भाभा असते तर ग्रीक मूळ विचारलं असतं.

१९८४ च्या लेखातलं म्हणणं थोडक्यात असं. अ‍ॅक्सिऑनसारखा बोसॉन पदार्थाला दोन तऱ्हांनी चिकटू शकतो : वस्तुमानाला किंवा स्पिनला. म्हणजे तीन जोड्या झाल्या. वस्तुमान आणि वस्तुमान, ही गुरुत्वाकर्षणाची चुलत बहीण. स्पिन आणि स्पिन, ही चुंबकत्वाची. तिसरी जोडी मात्र कोणाचीच नातेवाईक नाही : इकडे नुसतं वस्तुमान, म्हणजे पावागडचा डोंगर म्हणा, आणि तिकडे एका इलेक्ट्रॉनचा स्पिन. डोंगराकडे तोंड असलं तर ओढला जाईल, पाठ असली तर ढकलला जाईल. या जोडीची फिल्म उलटी चालवून बघा. डोंगर तसाच राहतो, अंतर तसंच राहतं, पण स्पिन उलटा होतो आणि ओढण्याचं ढकलणं होतं. काळाची दिशा ओळखणारी ही खोड निसर्गात फार विरळा आहे, आणि अशी बलं सापडली तर ती नुसती नवी असणार नाहीत, विलक्षण असतील. पुढे २००६ साली बोग्दान दोब्रेस्कू आणि इरीना मोचोयू यांनी बसून सगळे प्रकार मोजले. दोन कणांचे स्पिन, अंतर आणि वेग मिळून अशा बलांचे १६ नमुने होतात. याद्या करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. काय शोधायचं हे कळल्याशिवाय काय सापडलं नाही हेही कळत नाही.

कागदावर ठीक आहे. मोजायचं कसं? इथे तुमचं होकायंत्र घात करतं. स्पिन जमवायचे म्हणजे चुंबक घ्यायचं, आणि चुंबक म्हटलं की ते ओळखीचं बल एवढ्या मोठ्यानं ओरडतं की नव्या बलाची कुजबुज ऐकू येणं अशक्य. लोखंडी खिळा, रस्त्यावरची मोटार, भिंतीतली तार, सगळं ओरडतं.

या ओरड्यापासून दूर जाऊन मोजण्याची शिस्त आपल्याकडे कोणी पाळली होती का? होय, आणि फार आधी. सुई बघत राहा.

१९०५, अलिबाग. मुंबईहून तीसेक किलोमीटर, धक्क्यावरून चालत आलात. समोर साधी बैठी इमारत आहे. आत जायचं तर खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवा, चाकू बाहेर ठेवा, बुटांना लोखंडी नाल असेल तर बूटही. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१ पासून चालू होती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांना कळलं की मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार. विजेचा प्रवाह रुळांतून परत फिरतो, जमिनीतून पाझरतो, आणि सुई थरथरते. मूसांनी ट्राम थांबवली नाही, ते कोणाला जमलं असतं? त्यांनी वेधशाळाच हलवली. चुंबकत्व नसलेल्या साहित्यानं अलिबागेत इमारत उभी केली. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातही लोहखनिजाचे कण असतात आणि तो सुईला फशी पाडतो, हे लक्षात घ्या. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुना आणि नवा हिशेब जुळतो की नाही ते कळावं. मग कुलाबा बंद. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागची मोजणी आजही चालू आहे.

तुमची सुई इथे कशी निश्चल उभी आहे, बघा. ही शांतता मूसांनी मुद्दाम जाऊन मिळवलेली आहे.

असाच आणखी एक थांबा, पण घाईघाईनं. १९८८, कर्नाटकात गौरीबिदनूर. जमिनीखाली सुमारे २५ मीटर उतरायचंय, हात धरा. १९८६ साली अमेरिकेत एफ्राइम फिशबाख यांनी जुन्या मोजण्या उकरून गुरुत्वाकर्षणाखेरीज 'पाचवं बल' असल्याचा दावा केला होता आणि वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला होता. नागपुरात जन्मलेले, टाटा इन्स्टिट्यूटचे रामनाथ कौशिक आणि त्यांचे सहकारी इथे एका बारीक तारेवर वजन टांगून ते बल शोधत बसलेत. खाली का, तर वरची ऊन-सावली, वारा आणि माणसांची ये-जा इथवर पोचत नाही. त्यांना बल सापडलं नाही. पण ते 'नाही' किती दशांशांपर्यंत खात्रीचं आहे हे त्यांनी छापलं, आणि पुढच्या काही वर्षांत जगभरातल्या अशाच 'नाहीं'नी पाचव्या बलाची हवा काढून टाकली. या प्रयोगात स्पिन नव्हता. कारागिरी मात्र तीच होती : टांगायचं, लपवायचं, वाट बघायची.

आणि आता ज्याच्यासाठी तुम्हाला एवढं फिरवलं ते.

२००६, सिअ‍ॅटल, वॉशिंग्टन विद्यापीठ. एरिक अ‍ॅडेलबर्गर, ब्लेन हेकेल आणि मंडळींची प्रयोगशाळा. गटाचं नाव 'एओट-वॉश', हंगेरीचा लोरांड एओटव्हश आणि वॉशिंग्टन यांची खिचडी. समोर टेबलावर एक लंबक आहे. मुठीत मावेल एवढा. हात लावू नका, पण वाका आणि नीट बघा.

अष्टकोनी चकत्या एकावर एक रचल्यात, चार. प्रत्येक चकतीचा अर्धा भाग एका चुंबकाचा, अर्धा दुसऱ्या. पहिलं अल्निको : अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड. हे तुमच्या ओळखीचं आहे. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या स्पीकरमागे जड, करडा, ठोकळ्यासारखा तुकडा असायचा ना, तोच. दुसरं समेरियम-कोबाल्ट. हेही घरात येऊन गेलंय : १९७९ च्या वॉकमनबरोबर जे हलके हेडफोन आले त्यात. रेडिओ आणि वॉकमन, एकाच चकतीत सांधलेले.

आता खोच बघा. चुंबकत्व दोन वाटांनी येतं. एक, इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून. दुसरी, इलेक्ट्रॉन अणूत ज्या कक्षेत हिंडतो त्या हिंडण्यातून. अल्निकोचं जवळपास सगळं चुंबकत्व स्पिनचं. समेरियम-कोबाल्टमध्ये मात्र समेरियमच्या कक्षीय हिंडण्याचा वाटा मोठा. म्हणजे दोन्ही तुकडे बाहेरून सारखेच चुंबक वाटले तरी आत स्पिनची शिल्लक वेगळी. दोन दुकानांचा गल्ला सारखा, पण एकात सगळी रोकड, दुसऱ्यात निम्मी उधारी.

मग हे दोन तुकडे कडं करून असे जोडायचे की चुंबकीय रेषा कड्याच्या आतल्या आत फिरत राहतील आणि बाहेर सांडणारच नाहीत. कड्यात सगळीकडे चुंबकत्व सारखं, म्हणून बाहेर शून्य. पण स्पिन अल्निकोच्या बाजूला जास्त, समेरियमच्या बाजूला कमी; वजाबाकी करून एका दिशेला उरतो. तसे उरलेले इलेक्ट्रॉन किती? साधारण १ वर २३ शून्यं.

होकायंत्र काढा. हळूच जवळ न्या.

सुई हलली नाही. तुमच्यासमोर शंभर कोटी कोटी कोटींच्या जवळपास जाणारे इलेक्ट्रॉन एका दिशेला स्पिन करून उभे आहेत आणि सुईला त्याचा पत्ता नाही. हे चुंबक आहे आणि चुंबक नाही. माणसानं बनवलेल्या वस्तूंत मला या चकतीइतकी चलाख वस्तू दुसरी माहीत नाही, आणि ताजमहाल मी दोनदा पाहिलाय.

सुईला कळलं नाही, पण मग हे खरंच स्पिननं भरलंय कशावरून? त्याचाही पुरावा मिळाला, आणि तो फोटॉनकडून नाही, पृथ्वीकडून. भोवरा फिरत असताना त्याचा आस वळवायला गेलात की तो अडतो, जोर लावतो. पृथ्वी रोज एक गिरकी घेते आणि या लंबकाला बरोबर फिरवते. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखे खरोखर फिरत नसले, तरी त्यांच्या स्पिनमधला कोनीय संवेग अगदी खरा आहे. त्या सगळ्यांनी मिळून तारेला इवलासा पीळ दिला, आणि तो मोजता आला. वर्गात 'फिरण्याचा गुण, फिरणारं काही नाही' म्हणालो होतो, तो गुण इथे तारेवर हात ठेवून स्वतःची ओळख देतोय.

मग हा लंबक चुंबकत्व अडवणाऱ्या धातूच्या आवरणांत घालून हळूहळू गोल फिरवायचा. सूर्याचं, पृथ्वीचं वस्तुमान या स्पिनना ओढतं का? अवकाशातली एखादी दिशा त्यांना लाडकी आहे का? पृथ्वीची गिरकी वजा केल्यावर काही उरतं का? काही उरलं नाही.

शेवटचा थांबा बाहेरच्या जगातला. २०१३, अमेरिकेतलं अ‍ॅमहर्स्ट कॉलेज. लॅरी हंटर आणि सहकाऱ्यांच्या डोक्यात आलं की एवढे लंबक कशाला ओतायचे, सगळ्यात मोठा स्पिनचा साठा आपल्या पायाखाली आहे. पृथ्वीच्या प्रावरणातल्या खनिजांत लोखंड आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनांना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र थोडंसं एका दिशेला वळवतं. फार थोडं, कारण उष्णता त्यांना सतत हलवत असते. पृष्ठभागाजवळच्या तापमानालाही एक कोटीत एखादाच काय तो जास्तीचा वळलेला. पण पृथ्वी मोठी आहे. अशा वळलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या निघाली १ वर ४२ शून्यांच्या घरात. सिअ‍ॅटलच्या लंबकापेक्षा १९ शून्यं जास्त. ते दूर आहेत हे खरं, पण मांजा लांब असेल तर अंतराचं काय? त्यांनी पृथ्वीतल्या या स्पिनांचा नकाशा केला आणि प्रयोगशाळांतल्या आधीच झालेल्या अचूक मोजण्यांशी ताडून पाहिला. पुन्हा काही सापडलं नाही, पण लांब पल्ल्याच्या स्पिन-स्पिन बलाला लपायला जागा फार थोडी उरली.

परत बडोद्यात या. आजची तारीख आहे. स्टेशनातून उजेडात आलात की काळा घोडा ओलांडा, विश्वामित्रीच्या पुलावर क्षणभर थांबा. खाली मगर दिसली तर ती नेहमीचीच. भूक लागली असेल तर सेव-उसळ खा, पण होकायंत्राच्या डबीला तर्री लागू देऊ नका.

आता सुई तळहातावर धरा. ती उत्तरेला वळते हे तुम्हाला माहीत आहे. मोकळी टांगली तर तिचं उत्तर टोक बडोद्यात तीस-पस्तीस अंशांनी जमिनीकडे झुकेल, हे कदाचित माहीत नसेल. तुमच्या पायाखालचे ते वळलेले इलेक्ट्रॉन चुंबक म्हणून सुईच्याच दिशेनं उभे आहेत. पण इलेक्ट्रॉनचा भार ऋण असल्यामुळे त्याचा स्पिन चुंबकाच्या बरोबर उलटा असतो. म्हणजे या शहराखाली, मांडवीखाली, लक्ष्मीविलासखाली, त्या जुन्या वर्गाखाली, खूप खोलवर, असंख्य स्पिन सुरतेकडे तोंड करून किंचित आकाशाकडे बघत आहेत. तुमच्या मनगटातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला त्यांच्याकडून फोटॉनखेरीज दुसऱ्या कोणाच्या हाती निरोप येतो का?

१९८४ मधल्या त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर अजून आलेलं नाही. १६ नमुन्यांपैकी एकाही नमुन्याचं बल नव्या बोसॉननं वाहून आणल्याचं आजवर कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. माझं मत विचाराल तर अ‍ॅक्सिऑन सापडेल असं मला वाटतं, पण ते लंबकावर नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी प्रयोगात. माझ्या मताला तसा काही आधार नाही.

होकायंत्र तुमच्याकडेच ठेवा. कमाटीबागेत जाऊन मुलांना सुई दाखवायची असेल तर झाडाखाली मोकळ्यावर दाखवा. त्या छोट्या आगगाडीच्या रुळांजवळ उभे राहू नका, सुई खोटं बोलेल.